कवितेला पाच टोपली

गाईडला गाईड म्हणायला लागलो ते आम्हीच. खरं नाव विचारलं तर आता त्यालाही जरा आठवावं लागतं. तरुणपणी तो कॉलेजात जाऊन आला, इंग्रजी घेऊन. बाप गेला तसा अर्ध्यावर परत आला. येताना एक सायकल, एक जाडजूड डिक्शनरी आणि बोलता बोलता थांबून आभाळाकडे बघायची सवय एवढंच घेऊन आला. सायकल विकून टाकली. डिक्शनरीची मागची पानं उंदरांनी खाल्ली, त्यामुळे शेवटच्या अक्षरांचे अर्थ तो अंदाजाने सांगायचा. सवय मात्र शाबूत राहिली.

शाळेत इंग्रजीला बाई होत्या. बाईंकडे इंग्रजी, भूगोल आणि कपाटाच्या किल्ल्या असा तिहेरी कारभार होता. तास संपत आला की त्या म्हणायच्या, "राहिलेलं गाईडकाकांना विचारा." आणि राहिलेलं म्हणजे सगळंच असायचं. त्यामुळे शाळा सुटली की पोरं दप्तरं घेऊन थेट गाईडच्या मळ्यात. विहिरीच्या कठड्यावर तो बसायचा, पोरं खाली मातीत. पॅसिव्ह व्हॉइस, टेन्स, गाळलेल्या जागा, कवीला काय म्हणायचंय. कवीला काय म्हणायचंय हे गाईडला कवीपेक्षा जास्त माहीत असायचं. फुकट सांगायचा. बायको म्हणायची, "अहो, बागेला पाणी सोडायचंय, कवीला म्हणावं जरा थांब." हा म्हणायचा, "सोड तू. मी पोरांना सोडतोय ना पुढच्या वर्गात."

त्याची बाग लिंबांची. फार नाही, दोघा नवराबायकोला आणि एका पोरीला पुरेल एवढी. झाडं दोघांनीच लावलेली, हातानं पाणी घालून जगवलेली. यंदा पहिल्यांदा भरून बहर धरला होता आणि यंदाच पाऊस पाठ दाखवून गेला. थंडी सरायच्या आत विहिरीचा तळ दिसायला लागला. मोटार चालू केली की पाणी कमी आणि खोकला जास्त. एक दिवस नुसताच खोकला आला.

गावात ज्याच्या त्याच्या विहिरीची तीच गत. पण ज्यांच्या घरात हात होते त्यांनी गाळ काढला, खाली खणलं, कुणाला पाझर लागला, कुणाला नाही. गाईडच्या घरात हात म्हणजे एक बायको आणि एक पोरगी. मजूर सगळे मोठ्या रस्त्याच्या कामावर गेलेले. गाईड स्वतः फावडं धरायचा ते पेन धरल्यासारखं, दोन बोटांत. लिंबं सुपारीएवढी होऊन थांबली होती. पानं वळायला लागली होती.

अशा वेळी एके दिवशी शाळेतला वकील आला. हा वकील म्हणजे वर्गातला सगळ्यात बोलका पोरगा. मास्तरांनी मारायला हात उचलला की हा आधी मुद्दे मांडायचा. त्याच्या मागे अख्खा वर्ग.

"काका, ती कविता घेतलीय बाईंनी. म्हातारीची. बर्फाचा रस्ता झाडते ती. प्रश्न आहे, त्या रस्त्यानं कुणी येत नाही तरी म्हातारी रोज रस्ता का झाडते? आठ मार्कांना आहे. बाई म्हणाल्या, येणारच परीक्षेला."

गाईडने नेहमीसारखं आभाळाकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. मग त्याने विहिरीत बघितलं. तिथंही काही नव्हतं.

"पाच टोपली," तो म्हणाला.

"काय?"

"गाळाची. पाच टोपली वर ओढायची, मग उत्तर."

पोरं हसली. त्यांना वाटलं, काका गंमत करतायत. बायकोलाही तसंच वाटलं. खरं तर त्यालाही आधी तसंच वाटलं असावं, पण तोंडातून गेल्यावर त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. आम्ही ती ओळखतो. जुगाराच्या अड्ड्यावर दिसते.

वकील म्हणाला, "काका, पाच जास्त होतात. ग्रामरला काय?"

"ग्रामरला तीन."

"गाळलेल्या जागा?"

"एक."

"आणि निबंध?"

"निबंधाला कुदळ घेऊन यायचं."

असा दर ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर कप्पी बसली, दोर आला, टोपल्याला चार बाजूंनी चार दोऱ्या बांधल्या. पोरांच्या घरून मात्र लगेच निरोप आला: आमचा पोरगा वर काय ओढायचं ते ओढेल, पण विहिरीत पाय ठेवणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग आत कोण उतरणार? बायकोने पदर खोचला आणि कडेच्या पायऱ्यांनी खाली गेली. पायऱ्या संपल्या तिथून दोराला धरून. तळाशी जाऊन टोपलं भरलं की ती दोराला दोन झटके द्यायची. वर पोरं ओढायची. वर आलं की गाईड टोपलं पालथं करायचा आणि खाली सोडायचा. तेवढं काम त्याला जमायचं.

आणि मध्ये मध्ये त्याचं चालायचं, "ओढ ओढ. हं, आता बघ. मुलाने आंबा खाल्ला, हे झालं ॲक्टिव्ह. आंबा मुलाकडून खाल्ला गेला, हे पॅसिव्ह. कळलं?"

"कळलं काका. गाळ आमच्याकडून ओढला गेला."

"शाब्बास. ओढ."

आठवडाभर विहीर नुसती गजबजली. आम्ही रस्त्याने जाता येता थांबायचो. असलं काम कुणी बघितलं होतं? वर पोरं इंग्रजी घोकतायत, खालून चिखल येतोय. गाळाचा ढीग बांधाएवढा झाला. गाईडची कॉलर ताठ. बायकोच्या अंगावर केसांपासून नखांपर्यंत राखाडी थर. ती रस्त्याने निघाली की पोरं म्हणायची, पुतळा चालला.

मग एक दिवस एकच पोरगा आला. दुसऱ्या दिवशीही एकच. गाईड म्हणाला, "बाकीचे कुठायत?"

तो पोरगा बिचारा सरळ होता. म्हणाला, "वकील म्हणाला, रोज एकानं जायचं, उत्तर आणायचं, सगळ्यांनी उतरवून घ्यायचं. आज माझी पाळी."

गाईड कठड्यावर बसला. डोकं खाजवलं. आपल्याला कुणी बनवलं म्हणून त्याला राग आला नाही, उलट गालात हसला. असल्या बाबतीत तो आमच्यातलाच. दुसऱ्या दिवसापासून त्याने नवीन नियम काढला. उत्तर ज्याचं त्याला, वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालणार नाही.

"बाई बघतील," त्याने पोरांना निरोप धाडला. "सगळ्यांचं एकच उत्तर आलं तर सगळ्यांना भोपळा. म्हणून मी प्रत्येकाला खास बनवून देणार."

ही युक्ती मात्र बसली. वर्ग परत आला. आणि गाईडने काय उत्तरं दिली! म्हातारीचा मुलगा परदेशी गेलाय, तो येईल म्हणून ती रस्ता झाडते. म्हातारीला मूल नाहीच, म्हणून झाडते. थंडीत अंग गरम राहावं म्हणून झाडते. शेजारणीला दाखवायला झाडते. पोस्टमन घसरू नये म्हणून. नवरा त्या रस्त्याने गेला होता म्हणून. तिला वेड लागलंय म्हणून. झाडू हेच तिचं जीवन आहे म्हणून. हे शेवटचं एका जाड्या पोराला दिलं होतं, त्याला ते पाठच होईना. एकाला तर त्याने सांगितलं, म्हातारी झाडतच नाही, ते कवीचं स्वप्न आहे. तो पोरगा आणखी दोन टोपली ओढायला तयार झाला, पण हे उत्तर बदलून द्या म्हणाला.

पोरांच्यात मग बाजार भरला. रडकं उत्तर असलं की भाव जास्त. वकिलाला पोस्टमन मिळाला होता, तो त्याने नवऱ्यावर बदलून घेतला, वर एक रबर दिलं.

विहिरीत आवाज घुमतो. वरचं कुजबुजलेलंही खाली स्पष्ट ऐकू येतं. सगळी उत्तरं तळाशी जात होती. पण तळाशी आता बायको नव्हती.

झालं असं की एकदा टोपलं वर जाताना कडेला आपटलं, त्यातला एक दगड निसटला आणि खाली वाकलेल्या बायकोच्या कमरेत बसला. ओरडली नाही. दोराला झटके देत बसली. पोरांना वाटलं टोपलं भरलं, ओढलं तर रिकामं. मग सगळ्यांनी मिळून तिला दोराने बांधून वर काढली. गाईडने तिला पाठीवर घेऊन घरी नेली. तेवढं वजन त्याने जन्मात पहिल्यांदाच उचललं असेल. खाटेवर निजवली. कूस बदलायची तरी दात आवळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी पोरं आली. कप्पी होती, दोर होता. गाईड विहिरीत वाकून बघत उभा होता. उंचीची भीती त्याला आधीपासूनच. तेवढ्यात घरातून पोरगी आली, हातात फावडं, आणि काही न बोलता पायऱ्या उतरायला लागली.

ही पोरगी म्हणजे घुमी. बोलायची फार कमी, म्हणून घुमी. वर्गात वकिलाच्याच तुकडीत, तिचीही हीच परीक्षा. बापाला ती म्हणाली असती, आप्पा, मलाही म्हातारीचं उत्तर सांगा, तर त्याने सांगितलं असतं का? सांगितलं असतं. पण ती विचारायची नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची गाईडची रीत नव्हती. घरातलंच पोर, कधीही विचारेल, असं त्याने धरलं असणार.

"अगं, तुझी शाळा?" तो वरून म्हणाला.

"आज भूगोल आहे," खालून आवाज आला. मग दोन झटके.

दुसऱ्या दिवशी आज गणित होतं. पोरं घंटेला शाळेत पळायची, ती मात्र दिवसभर खालीच खणत राहायची. तिसऱ्या दिवशी तो विचारायचा थांबला.

त्यातच सराव परीक्षा झाली. त्या दिवशी पोरं नव्हती, दोर ओढायला कुणी नव्हतं, तरी घुमी खाली गाळ सैल करून ठेवत होती, दुसऱ्या दिवशी पोरांचा खोळंबा नको म्हणून. चारसहा दिवसांनी बाई स्वतः मळ्यात आल्या. चपला चिखलात रुतल्या तरी हसत. म्हणाल्या, "गाईडकाका, तुम्ही जादू केलीत! दरवर्षी सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, तेही चुकीचं. यंदा प्रत्येकाचं वेगळं! एका पोराने लिहिलंय, झाडू हेच तिचं जीवन आहे. मला तर रडू आलं. ह्या शाळेत पहिल्यांदा पोरं स्वतःच्या डोक्याने विचार करतायत."

गाईडने आभाळाकडे बघितलं. "कवितेत शिरावं लागतं बाई," तो म्हणाला.

"तुमची मुलगी मात्र परीक्षेला नव्हती."

"आईचं दुखतंय ना. तिला बघायला कुणी पाहिजे."

मागे दोन झटके आले. टोपलं वर आलं, त्याने पालथं केलं. बाईंना वाटलं खाली एखादा मजूर असेल. त्या शुभेच्छा देऊन गेल्या.

बाईंच्या कौतुकाने गाईड तरंगायला लागला. बायकोला तेल लावताना म्हणाला, "बघ, तुझ्या नवऱ्याची किंमत बाहेरच्यांना आहे." ती म्हणाली, "हो, जरा खाली लावा. किंमत खाली दुखतीय." आणि त्या भरात त्याने पोरांपुढे एक बोलून टाकलं, "ज्या दिवशी विहिरीला पाणी लागेल, त्या दिवशी दर बंद. उरलेलं सगळं फुकट. निबंध, पत्रलेखन, सगळी पुस्तकातली उत्तरं, एका बैठकीत."

वकिलाने ते नीट ऐकून घेतलं.

गाळ संपला, मुरूम लागला. मुरमाला कुदळ लागते. घुमीच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर परत आले. तिने फडकं बांधलं. फडकं दांड्याला चिकटायचं. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन आईच्या खाटेशी बसायची आणि पहिल्या ओळीवरच मान टाकायची. आई एका हाताने पुस्तक हळूच काढून घ्यायची. उन्हं वाढली. लिंबं गळायला लागली, हिरवी, कडक, मुलांच्या गोट्यांसारखी. पोरं ती नेम धरायला वापरायची.

मुरूमही संपला आणि कुदळ खणखण वाजायला लागली. बायकोचा भाऊ पाथरवट, त्याला बोलावलं. मामा आला, खाली उतरला, पहारीने दोनचार ठिकाणी ठोकून बघितलं, कान लावला. भाचीच्या हाताकडे बघितलं. वर येऊन अंगावरची धूळ झटकत बसला.

"भाऊजी, बंद करा."

"का?"

"खाली कातळ आहे. सलग. पहारीने होत नाही. सुरुंग लावायचा तर तुमच्याच्याने होत नाही, आणि लावला तरी पाणी आहेच असं मी म्हणणार नाही. आवाज बद्द येतोय."

"ह्या कोपऱ्यात जरा ओल वाटत होती."

"पोरीचा घाम असेल," मामा म्हणाला आणि बहिणीला भेटायला घरात गेला. जाताना घुमीला एवढंच म्हणाला, "तुझी परीक्षा आहे ना गं?" ती म्हणाली, "आहे." पण परत वळून तो पहार घेऊन गेला नाही. विहिरीवरच ठेवून गेला. ती कुणी वापरू नये असं त्याला वाटलं असेल तर तसं त्याने सांगायला हवं होतं.

कारण गाईड बंद करणार नव्हता. परीक्षा तोंडावर आली होती, शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली होती. परीक्षा झाली की एकही पोरगा विहिरीकडे फिरकणार नाही हे त्याला कळत होतं. पाणी लागायचं तर त्याआधी लागायला हवं. नाहीतर बाग गेली. बाग गेली तर मग काय, ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. घुमी पहारीने कातळाच्या कपच्या काढायची. दिवसाला कसंबसं एक टोपलं भरायचं. वर पोरं ताटकळायची.

"काका, खालून माल येत नाही तर आमचं उत्तर कसं येणार?" वकील म्हणाला. "आमचा काय दोष?"

"नियम म्हणजे नियम."

"मग नियमच सांगतो काका. पाणी लागलं की फुकट. बरोबर?"

"बरोबर."

"बघा हं. शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमी खाली उतरली आणि तिचा पाय पचकन आवाज करत रुतला. मधोमध, अगदी कप्पीच्या खाली, कातळाच्या खोलगटात पाणी होतं. घोटा बुडेल एवढं. कडेची माती ओली. ती तशीच उभी राहिली. मग वाकून दोन बोटं बुडवली आणि नाकाशी नेली.

वर पोरं आधीच जमली होती. त्या दिवशी जरा लवकरच. "काका, खाली काहीतरी चमकतंय!" वकील ओरडला. गाईडने उंचीची भीती विसरून आत डोकं घातलं. आभाळाचा तुकडा बरोबर त्या डबक्यात पडला होता.

"घुमे! काय आहे गं?"

खालून काहीच आलं नाही.

"अगं बोल की! पाणी आहे?"

"आहे," ती म्हणाली.

मग जे झालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. गाईड बांधावरून नाचत घराकडे पळाला. चप्पल एक इकडे एक तिकडे. बायकोला खाटेसकट बाहेर आणली पोरांनी. खाटेवरून तिला विहिरीत काही दिसणार नव्हतं, पण घुमीने टोपल्यात ओला चिखल भरून वर धाडला, तो तिच्या हातात दिला. तिने तो दाबून बघितला. बोटांतून पाणी आलं. ती हसायला लागली. कमरेत कळ येत होती म्हणून एका हाताने कंबर दाबत होती आणि हसत होती. दगड लागल्यापासून त्या घरात कुणी तसं हसलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"बघितलंस?" गाईड म्हणाला. "म्हणाला होता आवाज बद्द येतोय. तुझा भाऊ! कान साफ करायला सांग त्याला."

आणि शब्दाला जागला. दिवसभर लिंबाच्या झाडाखाली बसून त्याने पोरांना सगळं देऊन टाकलं. निबंध दिले, पत्रं दिली, धड्यातल्या कर्णधाराने मुलाखतीत काय सांगितलं ते दिलं, प्राण्यांच्या धड्याचं तात्पर्य दिलं. घसा बसला तरी देत होता. पोरं माना खाली घालून लिहीत होती. मान वर करायची हिंमत होत नसावी. झाडावरून एक लिंबू पडलं त्याच्या डोक्यात, तर म्हणाला, "आता भिजतील रे, आता सगळी भिजतील."

संध्याकाळी तो बायकोजवळ बसून किती दिवसांनी मोटार लागेल याचा हिशेब करत होता. सकाळी विहिरीत बघितलं तर पाणी कडेच्या मातीत जिरून खाली कातळ कोरडा. चिखल सुकत आलेला.

त्याच दुपारी टँकर आला. गावाला पाणी टँकरनेच होतं. ड्रायव्हर पाइप सोडता सोडता सहज म्हणाला, "काय गाईड, तुमची पोरं अभ्यासू हां. परवा संध्याकाळी हंडेच्या हंडे भरून नेले. म्हणाली, काकांच्या झाडाला घालायचेत. म्हटलं, शिक्षण घ्यावं तर असं."

गाईड टँकरच्या पाण्याखाली हात धरून उभा राहिला. त्या पाण्याला एक वास असतो, औषधाचा, दवाखान्यासारखा. मग घरी आला. घुमी अंगणात फडकं सोडत होती हातावरचं.

"काल खाली उतरलीस तेव्हा तुला वास आला नाही?"

"आला."

"मग बोलली का नाहीस?"

तिने घराकडे बघितलं. "आई हसत होती."

"ती नंतर. तू आधीच बोलायचं होतंस. तू म्हणालीस, आहे."

"होतंच की पाणी," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं, पाणी लागलं म्हटल्यावर आता मी वर यायचं."

वकिलाच्या घरी जाऊन गाईड भांडेल असं आम्हाला वाटलं होतं, आम्ही दोघंचौघं बघायला तयारही होतो. गेला नाही. रस्त्यात वकील भेटला तर तोच तोंड लपवून पळाला. गाईड पाठीमागून एवढंच म्हणाला, "हुशार आहेस," आणि ते शिव्या दिल्यासारखं वाटलं नाही, पण शाबासकीसारखंही वाटलं नाही.

एकही पोरगा परत आला नाही. कशाला येईल? सगळ्यांकडे सगळं होतं. दोन दिवस घुमी खाली जात राहिली आणि गाईड एकटा ओढत राहिला. त्याच्या हातांना फोड आले. मग परीक्षा आली.

इंग्रजीच्या पेपरला घुमी गेली. हाताला नवीन फडकं. पेन त्या फडक्यात घट्ट बसायचं नाही. पेपर सुटल्यावर पोरं शाळेच्या फाटकातून ओरडत बाहेर आली. म्हातारीचाच प्रश्न आला होता! वकिलाने नवरा लिहिला होता, जाड्याने झाडू, सरळ पोराने पोस्टमन. सगळ्यांनी पानं भरली होती. मळ्याच्या रस्त्याने जाताना आवाज मोठा, विहीर आली की कमी, विहीर गेली की परत मोठा.

घुमी सगळ्यांच्या मागून आली. दप्तर दारात ठेवलं. आईने खाटेवरून विचारलं, "कसा गेला?"

"गेला."

"ते म्हातारीचं आलं होतं म्हणे. तुला तर सगळं ऐकून पाठ असेल."

"सगळंच पाठ आहे," घुमी म्हणाली. "कोणतं लिहू ते कळेना. बेल झाली."

ती विहिरीवर आली. उन्हं तिरपी झाली होती. बागेत पानं गळून झाडं नुसत्या काट्यांची उभी होती. गाईड कठड्यावर बसला होता, एकटाच, पाय आत न सोडता.

"आप्पा," ती म्हणाली, "म्हातारी रस्ता का झाडते?"

त्याने दचकून बघितलं. घरातल्या पोरीने त्याला इंग्रजीतलं पहिल्यांदा काही विचारलं होतं. त्याने आभाळाकडे बघितलं, बराच वेळ. कुणाकुणाला काय काय दिलं ते त्याच्या डोक्यातून गेलं असेल, मुलगा, नवरा, पोस्टमन, वेड. एकेक उचलून परत ठेवल्यासारखा त्याचा चेहरा झाला. तिच्यापुरतं एकही उरलं नव्हतं. मग काहीतरी बोलायचं म्हणून, आणि तिने हसावं म्हणून, तो म्हणाला, "पाच टोपली."

ती हसली नाही. टोपलं उचललं, कप्पीला अडकवलं, आणि पायऱ्या उतरायला लागली.

"अगं ए, गंमत केली. परत ये. खाली काय आहे आता?"

तळाशी पहार वाजली. कातळावर पहारीचा आवाज येतो, तो सगळ्या मळ्यात जातो. आम्ही रस्त्यावर होतो, आम्हीही थांबलो. मग दोराला दोन झटके आले.

गाईडने दोर धरला. ओढायला काही लागलंच नाही, टोपलं पाखरासारखं वर आलं. आत नखाएवढी एक कपची. त्याने टोपलं ढिगावर पालथं केलं आणि खाली सोडलं. पुन्हा पहार, पुन्हा झटके. दुसरं आलं, तिसरं आलं. त्यांत तेवढंही नव्हतं. तरी तो प्रत्येक वेळी ढिगापर्यंत जाऊन, नीट वाकून, पालथं करून येत होता.

"पाच झाली, आप्पा," खालून आवाज आला.

विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे ते बराच वेळ ऐकू येत राहिलं. ती वर तोंड करून थांबली असणार. गाईड कठड्याशी उभा होता, हातात दोर. मग रिकामं टोपलं त्याने पुन्हा एकदा झटकलं आणि हळूहळू खाली सोडलं.